बाळाच्या लसी: सुरक्षितता, त्रास आणि खर्च – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाला घेऊन उपकेंद्रात किंवा खासगी दवाखान्यात जाणारे आईवडील, आजी-आजोबा आणि कधी कधी आशाताईही हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं देताना आम्ही एक पथ्य पाळलं आहे: ‘लस सुरक्षित आहे, घाबरू नका’ एवढ्यावर कुणाची बोळवण करायची नाही. कोणता त्रास किती जणांना होतो आणि तो कुणी, कसा मोजला हे कळलं की भीती मापात येते. शिवाय खरोखर धावपळ कधी करायची तेही समजतं.

सरकारी केंद्रात कोणत्या लसी मिळतात आणि कधी?

जन्मल्यावर बीसीजी (क्षयावरची लस), पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब. यातली काविळीची लस २४ तासांच्या आतच द्यायची असते. आईकडून बाळाकडे जाणारा विषाणू अडवण्यासाठी ती असते आणि उशीर झाला तर तिचा मूळ उपयोगच जातो. प्रसूती रात्री झाली किंवा दुसऱ्या दिवशी रविवार आला की ही लस राहून जाते, म्हणून घरच्यांनी स्वतः आठवण करून द्यावी.

दीड महिन्याला पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल (पीसीव्ही), पोलिओचं इंजेक्शन, पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस (जुलाबांवरची लस). अडीच महिन्याला पेंटा, पोलिओचे थेंब, रोटा. साडेतीन महिन्याला पुन्हा दीड महिन्यासारखंच सगळं. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर. पाच-सहा वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर, मग १० आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्प). जपानी मेंदूज्वराची लस फक्त ठरावीक जिल्ह्यांत देतात.

पेंटा म्हणजे एका सुईत पाच आजारांवरची लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. हिब या जंतूमुळे लहान बाळांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर होतो.

एकाच दिवशी तीन सुया? बाळाला झेपतील का?

झेपतात. या लसी एकत्र दिल्यानं कुणाचाच परिणाम कमी होत नाही, हे तपासूनच वेळापत्रक ठरवलेलं आहे. जागा मात्र वेगवेगळ्या असतात: पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, आणि पोलिओचं ०.१ मिलीचं इंजेक्शन दंडावर कातडीच्या आत. जागा ठरलेल्या असल्यामुळे नंतर कुठे सूज आली तर ती कोणत्या लसीची हे लगेच कळतं.

‘आज एक द्या, बाकीच्या पुढच्या आठवड्यात’ असं सांगणाऱ्या आईवडिलांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यानं रडण्याचे दिवस वाढतात, मजुरी बुडते आणि बहुतेक वेळा तो पुढचा आठवडा उजाडतच नाही.

टोचण्याआधी टेबलावर काय पाहावं?

चार गोष्टी पाहा. पाहायला मागण्यात संकोच वाटू देऊ नका. कुपी हातात घेऊन दाखवणं हा परिचारिकेच्या कामाचाच भाग आहे.

पहिली, कुपीवरचं जांभळट वर्तुळ आणि त्याच्या आतला चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद दिसला तर ती कुपी बाद.

दुसरी, कुपी उघडल्याची तारीख आणि वेळ. बीसीजी आणि गोवर-रुबेला या पावडरच्या लसी असतात, त्या द्रावकात विरघळवून देतात. विरघळवल्यावर चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, त्या फेकून द्यायच्या असतात. त्यांत जंतू रोखणारं रसायन नसतं. कुपी तशीच ठेवली तर जंतू वाढतात आणि तीच लस दुसऱ्या बाळाला टोचली तर जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. पेंटा किंवा टीडीची उघडी कुपी मात्र नीट थंड ठेवली असेल तर २८ दिवसांपर्यंत चालते. म्हणून ‘कालची उघडी कुपी आहे’ एवढ्यावरून भांडू नका, लस कोणती ते आधी विचारा.

तिसरी, सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली हवी आणि वापरल्यावर लगेच हब कटरनं कापलेली हवी.

चौथी, व्हॅक्सिन कॅरियरमधले, म्हणजे लसी नेण्याच्या थंड पेटीतले आईसपॅक. बर्फ दगडासारखा घट्ट असेल तर पेंटा, टीडी, कावीळ ब या लसी गोठून निकामी होतात, आणि रंगावरून ते कळत नाही. पॅक हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. उष्णतेनं लस खराब होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण अति थंडीनंही होते हे फार थोड्यांना माहीत असतं. लसींची योग्य जागा +२ ते +८ अंश सेल्सियस एवढीच. घरच्या फ्रिजच्या दारात लस ठेवू नये ती याचसाठी.

एकाच बाळासाठी कुपी फोडता येत नाही, पुढच्या वेळी या, असं सांगितलं तर?

एका बाळासाठीही कुपी उघडायची, असाच कार्यक्रमाचा नियम आहे. वाया जाणाऱ्या डोसांपेक्षा परत गेलेलं बाळ महाग पडतं. शांतपणे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला.

लस दिल्यावर ताप कधी येतो?

याचं उत्तर लसीनुसार बदलतं, आणि दिवस मोजणं इथे फार उपयोगी पडतं.

पेंटा किंवा डीपीटीनंतरचा ताप त्याच संध्याकाळी किंवा रात्री चढतो आणि बहुधा दोन दिवसांत उतरतो. मांडी लाल होते, दुखते, बाळ किरकिर करतं. डांग्या खोकल्याच्या अख्ख्या जंतूपासून बनवलेल्या या लसीनं निम्म्यापर्यंत बाळांना ताप येऊ शकतो.

गोवर-रुबेलाचं उलट आहे. लसीतला दुबळा विषाणू शरीरात हळूहळू वाढतो, म्हणून ताप आणि बारीक पुरळ साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी दिसतं. त्या तापात क्वचित झटका येतो, सुमारे ३,००० डोसांमागे एखाद्या बाळाला. पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, पण त्यानं मेंदूला इजा होत नाही. झटका आला तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि दवाखाना गाठा.

थोडक्यात, पेंटानंतर पाचव्या दिवशी ताप आला तर तो लसीचा समजून घरी बसू नका. डेंग्यू, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग यांपैकी काही नाही ना, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पॅरासिटामॉल किती द्यायचं?

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा. एका वेळचं प्रमाण वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही.

घोळ होतो तो बाटल्यांमुळे. बाळांच्या ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं. सिरपमध्ये पाच मिलीत १२५ किंवा २५० मिग्रॅ असतं. पाच किलोच्या बाळाला ६० मिग्रॅ द्यायचं ठरलं तर ड्रॉप्स ०.६ मिली, १२५ चं सिरप २.४ मिली आणि २५० चं सिरप १.२ मिली होतं. सिरपचं २.४ मिलीचं माप लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्स तेवढेच पाजले तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. चमचा वापरू नका, बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा. बाटलीवरचं प्रमाण दर वेळी वाचा. दीड महिन्याच्या बाळासाठी डोस डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून लिहूनच घ्या.

ताप येण्याआधीच औषध देऊन ठेवायची गरज नाही. सुईच्या जागी बर्फ, हळद, तेल, चुना काहीही चोळू नका. स्वच्छ कापडाची गार पट्टी पुरते.

बीसीजीच्या जागी फोड आला, पिकला. डॉक्टरांना दाखवू का?

हे अपेक्षितच आहे. डाव्या दंडावर दोन-चार आठवड्यांनी पुटकुळी येते, ती फुटते, खपली धरते आणि काही आठवड्यांत छोटा व्रण राहतो. दाबू नका, मलम लावू नका, आंघोळ नेहमीसारखी घाला. डाव्या काखेत मोठी गाठ आली, वाढत गेली किंवा तिच्यात पू झाला तर मात्र दाखवा. व्रण उमटलाच नाही तरी पुन्हा टोचायची गरज नसते.

खरी धोक्याची लक्षणं कोणती?

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायला सांगतात ते तीव्र ॲलर्जीसाठी. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर, बाळ पांढरंफटक आणि ढिलं पडणं ही तिची लक्षणं. ही ॲलर्जी काही मिनिटांत सुरू होते आणि तिच्यावर औषध एकच: ॲड्रेनॅलिन, १:१००० तीव्रतेचं, किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या स्नायूत. ते लसीकरणाच्या टेबलावर ठेवलेलंच असतं. घरी जाताना वाटेत असं झालं तर ते टेबल दूर राहतं, म्हणून अर्धा तास म्हणजे पूर्ण अर्धा तास बसा, रिक्षा खोळंबली तरी. ही ॲलर्जी किती दुर्मीळ आहे? अमेरिकेत सुमारे अडीच कोटी डोसांच्या नोंदी तपासल्या, त्यांत ३३ प्रकरणं सापडली. म्हणजे दहा लाखांमागे एखादं.

घरी गेल्यावर पुढचं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा: तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, झटके, बाळ अचानक निपचित पडणं, दूध ओढणं बंद होणं. रोटाच्या डोसनंतरच्या आठवड्यात बाळ थांबून थांबून किंचाळत असेल, पाय पोटाशी घेत असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा शीतून रक्त आणि चिकट आव जात असेल, तर ते आतड्यात आतडं शिरल्याचं लक्षण असू शकतं. यात तास मोलाचे असतात.

लस सुरक्षित आहे हे संशोधक ठरवतात कसं?

रोटाव्हायरसचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात चूक पकडली जाणं आणि सुधारली जाणं दोन्ही दिसतं.

१९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड ही पहिली रोटा लस आली. चाचण्यांत हजारो बाळं होती. पण दहा हजारांत एकाला होणारा त्रास तेवढ्या बाळांत स्पष्ट दिसत नाही. लस सर्रास सुरू झाल्यावर आतड्यात आतडं शिरण्याच्या नोंदी येऊ लागल्या. अवघ्या १५ नोंदींवर जुलै १९९९ मध्ये लसीकरण थांबवलं आणि त्याच वर्षी ती लस बाजारातून गेली. डॉक्टरांनी आणि पालकांनी कळवलं, म्हणूनच हे पकडता आलं.

भारतातली रोटाव्हॅक लस दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू इथे ६,७९९ बाळांवर तपासली गेली. पहिल्या वर्षातल्या गंभीर जुलाबांपासून ती सुमारे ५४ टक्के संरक्षण देते. आकडा फार मोठा वाटत नाही, पण रोटाचे जुलाब इतक्या बाळांना होतात की निम्मे गंभीर आजार टळणं ही फार मोठी गोष्ट आहे. राहिला प्रश्न आतड्याचा. २०१६ पासून लस कार्यक्रमात आल्यावर देशातल्या २७ रुग्णालयांत हा आजार झालेल्या ९७० बाळांची नोंद झाली. त्यांतल्या पात्र बाळांची तुलना त्यांच्याशीच केली: डोसनंतरच्या एक ते सात दिवसांत आजार जास्त झाला का, की एरवीही तेवढाच? प्रत्येक बाळ स्वतःच स्वतःची तुलना असल्यामुळे गरिबी, आहार, गाव यांचे फरक मध्ये येत नाहीत. लसीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. हा आजार लस न घेतलेल्या बाळांनाही होतो. दीड ते नऊ महिने हे लसींचं वय आणि त्याच सुमाराला हा आजारही होतो, म्हणून दोन्ही घटना अनेकदा शेजारी शेजारी घडतात.

गोवरच्या लसीनं स्वमग्नता (ऑटिझम) येते का?

नाही. हा समज १९९८ मध्ये १२ मुलांवरच्या एका निबंधातून पसरला. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचा फरक आढळला नाही. गोवर मात्र खराखुरा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी भागात त्याचा उद्रेक झाला आणि त्यात मुलं दगावली.

लसीत नव्हे, देण्यात चूक होते का?

होते, आणि ते लपवून कुणाचं भलं होत नाही. मुंबईत प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांची लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचली. एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता, ही बाब नंतर पुढे आली आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. आज कुपीला रबरी बूच आणि एकदाच वापरायची सिरिंज असते ती अशा अनुभवांतून.

आपल्याकडे ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं रुग्णालयात गेली आणि वाचली. टेबलावर लसीखेरीज दुसरी बाटली असू नये आणि लेबल मोठ्यानं वाचून मगच द्यावं, हे दोन साधे नियम पाळले असते तर ते घडलं नसतं.

त्रास झाला तर कुठे कळवायचं? पुढे काय होतं?

आशाताई, परिचारिका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, कुणालाही सांगा. गंभीर प्रकरण २४ तासांत जिल्ह्याला कळवायचं असतं. खासगी दवाखान्यात घेतलेल्या लसीचा त्रासही नोंदवता येतो, आणि १८००-१८०-३०२४ या औषधसुरक्षेच्या मोफत क्रमांकावर पालक स्वतः कळवू शकतात.

कळवताना लसीचं नाव, बॅच क्रमांक, टोचल्याची वेळ, पहिलं लक्षण दिसल्याची वेळ आणि त्याआधी बाळाला काय दिलं होतं ते सांगा. ‘लगेच झालं’ म्हणण्यापेक्षा ‘अकराला टोचलं, पावणेचारला झटका आला’ हे तपासाला शंभरपट उपयोगी आहे. मग बालरोगतज्ज्ञ असलेली समिती कागद तपासून ठरवते: त्रास लसीशी जुळतो, जुळत नाही, ठरवता येत नाही, की माहितीच अपुरी आहे. बाळ दगावलं असेल तर शवविच्छेदनाला होकार देणं फार जड जातं. पण त्याशिवाय खरं कारण बहुतेकदा कायमचं अंधारात राहतं.

खासगीत पेंटाची ‘न दुखणारी’ लस मिळते. ती चांगली का?

तिनं ताप आणि सूज कमी येते, हे खरं. पण डांग्या खोकल्यापासूनचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं. म्हणून पहिल्या तीन डोसांसाठी बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही अख्ख्या जंतूच्या, म्हणजे सरकारी केंद्रात मिळते त्या प्रकारच्या लसीलाच पसंती देते. एका रात्रीचा ताप वाचवायला हजारो रुपये मोजायचे का, हे तुम्ही ठरवा. आमचं मत: मोजू नका.

खासगीत घेणारच असाल तर बिलावर लसीचं नाव, बॅच, मुदत आणि छापील किंमत वेगळी लिहून घ्या, टोचण्याची फी वेगळी.

जादा पैसे मोजकेच आहेत. कोणती लस घ्यावी?

आधी सरकारी वेळापत्रक पूर्ण करा, त्याला पैसे लागत नाहीत. त्यानंतर आम्ही टायफॉइडची कॉन्जुगेट लस सुचवतो. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर एकच डोस. पाणीपुरवठा आणि सांडपाणी शेजारून वाहणाऱ्या वस्त्यांत तिचा उपयोग मोठा. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये नऊ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ही लस स्वतःहून दिली. पहिल्या टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलांना ती मिळाली. सरकारी कार्यक्रमात ही लस देण्याचा तो पहिलाच प्रयोग होता. शहराचा काही भाग आधी आणि काही नंतर घेतल्यामुळे परिणाम, त्रास आणि खर्च तिन्ही मोजता आले. त्यानंतर गालगुंडासाठी एमएमआर, मग कांजिण्या आणि कावीळ अ.

खर्चाचा हिशेब संशोधक कसा मांडतात?

आजाराचा खर्च म्हणजे फक्त दवाखान्याचं बिल नव्हे. सलाईन, खाट आणि औषधं हा एक भाग. रिक्षाभाडं आणि घरून येणारा डबा हा दुसरा. आईची बुडालेली मजुरी, वडिलांची रजा आणि थोरल्या भावंडाची चुकलेली शाळा हा तिसरा. हा तिसरा भाग कुठल्याही पावतीवर दिसत नाही. ९४ गरीब आणि मध्यम देशांच्या २०११ ते २०२० या काळाच्या अभ्यासात लसीकरणावरच्या एका डॉलरमागे आजारांचे सुमारे १६ डॉलर वाचल्याचा अंदाज निघाला. निरोगी आयुष्याचं व्यापक मोल धरलं तर ४४.

तारीख चुकली. पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवा. बीसीजी, पेंटाचा पहिला डोस आणि रोटाचा पहिला डोस एक वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत, डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते.

सर्दी आहे, वजन कमी आहे, बाळ आठव्या महिन्यात झालं. थांबू का?

साधी सर्दी, थोडे जुलाब, अंगावर दूध, कमी वजन यांपैकी कशासाठीही थांबायचं नाही. अकाली जन्मलेल्या बाळाचं वय जन्मतारखेपासूनच मोजा. थांबायचं ते आधीच्या डोसला तीव्र ॲलर्जी झाली असेल, डांग्या खोकल्याच्या लसीनंतर सात दिवसांत मेंदूचा आजार झाला असेल, किंवा रोटाच्या बाबतीत पूर्वी आतड्यात आतडं शिरलं असेल तर. प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असेल तर बीसीजीसारख्या जिवंत लसींआधी डॉक्टरांशी बोला.

कार्ड हरवलं. आता?

केंद्राच्या नोंदवहीत आणि यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत तुमच्या मोबाइल क्रमांकानं शोधा. कुठेच नोंद सापडली नाही तर तो डोस मिळाला नाही असं धरून पुन्हा देतात. एखादा डोस जादा झाला तर फार तर सुईची जागा जास्त दुखते. नवं कार्ड मिळालं की प्रत्येक भेटीनंतर त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि गावाकडच्या एका नातेवाइकालाही पाठवून ठेवा. हंगामासाठी ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा दुसऱ्या शहरात जाणाऱ्या घरांनी कार्ड गाठोड्यात नाही, तर अंगावरच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घालून न्यावं. पुढचा डोस ज्या गावी येईल त्या गावच्या केंद्रात तो मिळतो, रहिवासी असल्याचा पुरावा लागत नाही.